पहिल्या ट्रॅक डेचे टायर

शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, कोणाशीही स्पर्धा न लावता, शुल्क भरून आणि ठरावीक वेळेच्या सत्रांत स्वतःची गाडी चालवण्याची मुभा ज्या दिवशी सर्वसामान्य चालकाला मिळते, त्या दिवसाला ट्रॅक डे म्हणतात. भारतात यासाठी प्रामुख्याने तीन ठिकाणांची नावे घेतली जातात : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किलोमीटरचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट; कोइमतूरजवळील, शर्यतपटू एस. करिवर्धन यांचे नाव मिरवणारा सुमारे २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे; आणि ग्रेटर नोएडातील ५.१ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची शर्यत झाली. या मार्गांवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांत दुचाकीस्वार पुष्कळ असतात आणि त्यांची गाडी बहुधा दीडशे ते चारशे सीसीची, एरवी रोज कामावर नेली जाणारी असते. म्हणून या प्रकरणातील विवेचन अशा दुचाकीच्या टायरपुरते मर्यादित ठेवले आहे.

तयारीला लागलेला नवशिका स्वार सर्वांत आधी टायरची चौकशी करतो, आणि त्याचा प्रश्न जवळजवळ नेहमी असा असतो की सर्वाधिक पकड कोणत्या टायरला आहे. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु पकडीची कमाल मर्यादा किती, याइतकेच त्या मर्यादेजवळ गेल्यावर टायर कसा वागतो हेही महत्त्वाचे असते, आणि ज्याला ती मर्यादा ओळखण्याचा सराव नाही त्याच्यासाठी तर ते अधिकच महत्त्वाचे ठरते. काही टायर सुटण्याआधी पुरेसा इशारा देतात, काही अखेरपर्यंत घट्ट धरून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. पहिल्या दिवसासाठी पहिल्या प्रकारचा टायर हवा, आणि तो योग्य दाबाने, योग्य तापमानाला वापरला जायला हवा, हे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

पकड कशी निर्माण होते

रबराची पकड दोन वेगळ्या क्रियांतून येते. पहिली क्रिया आसंजनाची, म्हणजे रबर आणि डांबर यांचे पृष्ठभाग अतिशय जवळ आल्यावर त्यांच्या रेणूंमध्ये सतत जुळणाऱ्या आणि तुटणाऱ्या आकर्षणाची. दुसरी क्रिया रबराच्या सावकाश पूर्ववत होण्याच्या गुणातून घडते आणि तिला भौतिकशास्त्रात हिस्टेरिसिस म्हणतात. डांबरातील खडीची टोके रबरात रुतली की रबर दबते, आणि टोक ओलांडल्यावर ते लगेच उसळून मूळ आकारात न येता किंचित रेंगाळते. त्यामुळे खडीच्या ज्या बाजूने रबर चढते त्या बाजूवर, उतरण्याच्या बाजूपेक्षा अधिक दाब पडतो, आणि दाबांतील हा फरक घसरण्याला विरोध करतो. दबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, तिचा काही भाग उष्णतेत बदलतो. म्हणून काम करणारा टायर तापतोच. थंड रबर कडक असल्यामुळे खडीत नीट रुतत नाही, तर प्रमाणाबाहेर तापलेले रबर इतके मऊ होते की त्याचा वरचा थरच सोलवटू लागतो. या दोन टोकांमधल्या ज्या तापमानाच्या टप्प्यात टायर उत्तम पकड देतो, तो टप्पा प्रत्येक टायरसाठी रबराच्या मिश्रणानुसार वेगळा असतो.

ही सगळी क्रिया ज्या जागेत घडते, ते जमिनीला टेकणारे क्षेत्र एका चाकापुरते तळहाताहूनही लहान असते, आणि ब्रेक, वळण व वेगवाढ या तिन्ही कामांसाठी लागणारी पकड त्याच क्षेत्रातून काढावी लागते. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळाकृतीत हा हिशेब मांडतात. वळण घेण्यासाठी एकूण पकडीच्या ६० टक्के खर्च होत असतील, तर त्याच क्षणी ब्रेकसाठी सुमारे ८० टक्के उपलब्ध राहतात, कारण या दोन बलांची बेरीज सरळ न होता काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते. परंतु वळणासाठीच ९५ टक्के खर्च झाले, तर ब्रेकसाठी जेमतेम ३१ टक्के उरतात. वळणाच्या मध्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबणारा स्वार पडतो, तेव्हा दोष बहुधा टायरचा नसतो. आधीच खर्च झालेल्या पकडीवर त्याने दुसरी मागणी टाकलेली असते.

नवशिक्याला प्रत्यक्षात किती पकड लागते, याचाही अंदाज गणिताने येतो. दुचाकी जितक्या अंशात झुकते, त्या कोनाच्या टॅन्जंटइतकी पकड, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, वळणासाठी लागते असे ढोबळमानाने म्हणता येते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ३० अंश झुकलेली गाडी ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने जाते आणि तिला गुरुत्वाकर्षणाच्या ०.५८ पट पकड लागते. त्याच वळणावर ४५ अंश झुकल्यास वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर होतो आणि पकड एक पट लागते. चांगल्या प्रतीचा, रस्त्यासाठीच बनवलेला स्पोर्ट टायर कोरड्या आणि स्वच्छ डांबरावर एवढी पकड देऊ शकतो. पहिल्या दिवशी बहुतेक स्वार ४० अंशांच्या आतच झुकतात. म्हणजे रस्त्याच्या टायरनेही त्यांच्याजवळ पुरेशी शिल्लक ठेवलेली असते.

कोणता टायर घ्यावा

बाजारातील टायरची सोयीने चार गटांत विभागणी करता येते. पहिल्या गटातले टूरिंग टायर हजारो किलोमीटर टिकावेत म्हणून कडक मिश्रणाचे असतात. दुसऱ्या गटातल्या स्पोर्ट टायरचे रबर तुलनेने मऊ असते, ते लवकर तापते, आणि त्यावर पावसाचे पाणी बाहेर टाकण्यापुरती खाचांची नक्षी असते. तिसऱ्या गटातले टायर रस्त्यावर चालवण्याची परवानगी असूनही मुख्यतः ट्रॅकसाठी बनवलेले असतात. त्यांच्या कडेच्या भागावर जवळजवळ नक्षी नसते आणि नीट काम करण्यासाठी त्यांना अधिक उष्णता लागते. चौथा गट नक्षी अजिबात नसलेल्या स्लिक टायरचा.

नवशिक्याने दुसऱ्या गटाच्या पुढे जाऊ नये. स्लिक टायर सत्राआधी विजेवर चालणाऱ्या उबदार वेष्टनात, म्हणजे टायर वॉर्मरमध्ये, सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बाहेर काढायचे असतात; नंतरही ते तापलेले राहावेत यासाठी सतत जोरकस ब्रेक आणि वेगवान वळणे लागतात. नवशिक्याचा वेग तेवढा नसल्याने त्याच्या गाडीवर ते फेरीगणिक थंड होत जातात, आणि थंड स्लिक हा साध्या रस्त्याच्या टायरहून अधिक धोकादायक असतो. स्पोर्ट टायर दोन-तीन फेऱ्यांत आपल्या उपयुक्त तापमानाला पोहोचतो, आणि मर्यादेजवळ गेल्यावर त्याची नक्षी किंचित हलू लागते, ती हालचाल हँडलमध्ये आणि सीटखाली जाणवते. हाच तो इशारा. चेन्नईचा मुख्य पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असतो, आणि त्या महिन्यांत अचानक सर आली तर खाचा असलेल्या टायरवर सावधपणे पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या थांब्यावर, परतता येते, स्लिकवर तेही कठीण जाते.

कंपनीकडून गाडीबरोबर आलेला टायर सुस्थितीत असेल, तर पुष्कळ वेळा तोच पुरेसा असतो, कारण त्याच्या वागण्याची स्वाराला आधीच सवय असते. बदलायचाच असेल तर मापाशी खेळ करू नये. मागे अधिक जाड टायर बसवला की पकड वाढते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे : ठरावीक रुंदीच्या रिमवर प्रमाणाबाहेर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथ्याची गोलाई बिघडते, आणि गाडी वळणात झुकायला कुरकुरते.

टायरच्या भिंतीवरील मजकूर

टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याची बहुतेक माहिती कोरलेली असते. मागच्या टायरवर ‘१५०/६० आर १७ ६६ एच’ असे असेल, तर १५० ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास होय. रेडियल बांधणीत टायरच्या सांगाड्यातील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाकाच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात जातात, तर बायस बांधणीत ते तिरपे, एकमेकांना छेदत जातात. लहान क्षमतेच्या अनेक गाड्यांवर बायस टायर असतात. ६६ हा भार निर्देशांक ३०० किलोग्रॅम वजन दर्शवतो, आणि ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा सांगते. ‘पी’ची मर्यादा १५० आणि ‘एस’ची १८० किलोमीटर असते; बुद्ध सर्किटचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब असल्याने तेथे उतरण्यापूर्वी हे अक्षर पाहणे आवश्यक ठरते.

याच भिंतीवर लंबगोलात चार अंक असतात. ‘२३२४’ याचा अर्थ तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर न वापरताही वयाने कडक होते, म्हणून नक्षी नवीकोरी दिसणारा पण पाच-सहा वर्षे जुना टायर ट्रॅकवर नेऊ नये. नक्षीच्या खाचांच्या तळाशी असलेले झिजेचे उंचवटे वरच्या पृष्ठभागाला टेकले असतील, भिंतीवर चिरा किंवा फुगवटा असेल, तर तो टायर बाद समजावा. ट्यूबलेस टायरचे छिद्र पंक्चरवाल्याने बाहेरून चिकट रबरी दोरी खुपसून बुजवलेले असेल, तर अशा टायरवर गावात फिरणे चालून जाते, परंतु ट्रॅकवरच्या उष्णतेला आणि ताणाला ती दोरी पुरेल यावर विसंबता येत नाही. व्हॉल्व्हच्या रबरी दांड्याला बोटाने वाकवून मुळाशी चिरा आहेत का तेही पाहावे, आणि त्यावर आत रबरी चकती असलेले धातूचे टोपण घट्ट बसवावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी एक बाब वेगळी नोंदवावी लागते. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट इरुंगट्टुकोट्टईवरून चेन्नईला पोहोचतो, आणि हे सुमारे बाराशे किलोमीटर अनेक जण गाडी चालवतच कापतात. असे प्रवास वारंवार झालेल्या टायरचा मधला पट्टा झिजून सपाट होतो, तर कडा तशाच गोल राहतात. अशी गाडी वळणात प्रथम झुकायला विरोध करते आणि सपाट भागाची कड ओलांडताच एकदम खाली पडल्यासारखी झुकते. खाचांची खोली शिल्लक असली, तरी आकार गमावलेला असा टायर शिकण्यासाठी योग्य नाही. याउलट अगदी नवा टायर ट्रॅकवरच पहिल्यांदा वापरणेही टाळावे : साच्यातून निघालेला त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि शंभरएक किलोमीटर सौम्यपणे चालवून, झुकण्याचा कोन हळूहळू वाढवत तो आधी खरवडून घ्यावा लागतो.

हवेचा दाब

सर्व तयारीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे हवेचा दाब. भारतात तो बहुधा पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड, या एककात मोजतात. दाब फार असेल तर टायर कडक राहतो, जमिनीला टेकणारे क्षेत्र लहान होते आणि रबर पुरेसे तापत नाही. दाब फार कमी असेल तर सांगाडा प्रमाणाबाहेर वाकतो, टायर अतिशय तापतो, भिंती डुलतात आणि हँडल दिल्यावर गाडी उशिरा प्रतिसाद देते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला, एकट्या स्वारासाठीचा थंड टायरचा दाब हा आरंभबिंदू मानावा. मागे बसणाऱ्याचे व सामानाचे ओझे नसल्याने आणि ट्रॅकवर टायर अधिक तापत असल्याने रेडियल टायरमध्ये त्याहून दोन-तीन पीएसआय कमी ठेवण्याची पद्धत आहे. मात्र टायर उत्पादकाने सांगितलेल्या किमान दाबाखाली कधीही जाऊ नये, आणि लहान गाडीच्या बायस टायरमध्ये ही घट जवळजवळ करूच नये.

दाब तापमानाबरोबर नेमका किती वाढतो, हे वायूच्या नियमावरून काढता येते. बंदिस्त हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि मापकावर दिसणारा आकडा हा वातावरणाच्या १४.७ पीएसआय दाबाच्या वरचा असतो. सकाळी सावलीत ३० अंश सेल्सिअसला मापकावर २८ पीएसआय असेल, तर खरा दाब ४२.७ होतो, आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली की तो सुमारे ४८.३ होतो, आणि मापक ३३.६ दाखवतो. म्हणजे कोणीही हवा न भरता टायरमधला दाब साडेपाच पीएसआयने वाढलेला असतो. नायट्रोजन भरल्याने हा नियम बदलत नाही. कोरड्या नायट्रोजनात पाण्याची वाफ नसते एवढाच त्याचा लाभ, आणि नवशिक्याच्या वेगाला तो फरक नगण्य आहे.

या गणितातून मोजण्याची शिस्त निघते. थंड दाब सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी आणि सावलीत मोजावा, कारण उन्हात उभ्या गाडीचा सूर्याकडील टायर काहीच न करता अधिक दाब दाखवतो. पहाटे २६ अंशांना असलेला टायर दुपारी ३६ अंशांना नुसता उभा असला, तरी त्याचा दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. गरम दाब सत्र संपवून पिटमध्ये आल्यावर मिनिटभराच्या आत घ्यावा. मापक स्वतःचा असावा आणि दिवसभर तोच वापरावा. दोन मापकांत दोन पीएसआयचा फरक असू शकतो, परंतु एकाच मापकाचे आकडे निदान आपापसांत तुलना करण्याजोगे राहतात. प्रत्येक सत्रासाठी वेळ, हवामान, पुढचा व मागचा थंड दाब, पुढचा व मागचा गरम दाब आणि गाडीची जाणवलेली वर्तणूक वहीत लिहून ठेवावी. थंड आणि गरम दाबांतील वाढ अगदी दोन-तीनच पीएसआय असेल, तर टायर पुरेसा तापत नाही असे समजावे. ती सात-आठवर गेली, तर थंड दाब फार कमी होता किंवा टायरवर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक काम पडत आहे असा अर्थ होतो.

पहिल्या फेऱ्या

टायर तापतो तो मुख्यतः त्याचा सांगाडा वाकल्याने आणि ब्रेक व वेगवाढीच्या ताणाने. सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे नागमोडी नेल्याने दुचाकीचा टायर फारसा तापत नाही, मागच्याला धोका मात्र होतो. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या सरळ पट्ट्यावर गाडी उभी असताना ठाम पण सौम्यपणे ब्रेक लावत आणि वेग वाढवत, वळणात मात्र कमी झुकत काढाव्यात. हवा ३५ अंशांना असताना उन्हातल्या डांबराचे तापमान ५० अंशांच्या वर जाते, त्यामुळे चेन्नईच्या दुपारी हे काम लवकर होते. सकाळच्या पहिल्या सत्रात त्याला वेळ लागतो, आणि नेमके त्याच सत्रात उत्साह सर्वाधिक असतो.

टायरच्या दोन्ही बाजू सारख्या तापत नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या मार्गावर उजवी वळणे अधिक असल्याने टायरची उजवी बाजू आधी तापते, आणि बऱ्याच उजव्या वळणांनंतर येणाऱ्या डाव्या वळणावर थंड रबर जमिनीला लागते. जर्मनीतील साक्सेनरिंगवर हाच प्रकार उलट्या बाजूने घडतो : डाव्या वळणांच्या लांब मालिकेनंतर येणाऱ्या अकराव्या, उजव्या वळणावर जगातील उत्तम मोटोजीपी स्वारही पडतात, आणि अशा मार्गांसाठी मिशेलिन कंपनी दोन बाजूंना वेगळ्या मिश्रणांचे टायर पुरवते. रस्त्याच्या टायरवरील स्वाराकडे ती सोय नसल्याने, जी बाजू बराच वेळ वापरली नाही त्या बाजूच्या वळणात थोडी सबुरी राखणे हाच उपाय उरतो.

टायर पाहणे आणि परतणे

प्रत्येक सत्रानंतर टायरच्या पृष्ठभागाचे निरीक्षण करावे. बारीक आणि सर्वत्र सारखा खरखरीतपणा हे टायर योग्य काम करत असल्याचे लक्षण आहे. कडेला चिकटलेल्या रबराच्या लहान गोळ्या दिसल्या तरी काळजीचे कारण नसते. नक्षीच्या एकाच बाजूच्या कडा उचललेल्या किंवा पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसला, तर त्याचे मूळ दाबात किंवा सस्पेन्शनच्या बसवणुकीत असू शकते, आणि त्याचा अर्थ लावताना पिटमधील जाणकार तंत्रज्ञाची मदत घेणेच श्रेयस्कर. टायरच्या कडेला न वापरलेली पट्टी किती रुंद उरली, यावरून स्वाराची योग्यता ठरवण्याची प्रथा मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. शरीर वळणाच्या आत नेणारा कुशल स्वार त्याच वेगाला कमी झुकतो आणि पट्टी शिल्लक ठेवतो. ती पुसून टाकण्याच्या नादात झुकणारा नवशिका वेग न वाढवता केवळ धोका वाढवतो.

दिवसअखेरीची एक चूक फार महागात पडू शकते. गरम टायरमधील ३३.६ पीएसआय दाब पाहून कोणी हवा सोडून तो ३० वर आणला, तर टायर पुन्हा ३० अंशांना थंड झाल्यावर त्यात २५ पीएसआयहूनही कमी हवा उरते. सामान लादून अशा टायरवर महामार्गाला लागणे म्हणजे भिंती वाकवत, टायर आतून तापवत शेकडो किलोमीटर जाणे होय. म्हणून टायर थंड झाल्यावर पुस्तिकेतील रस्त्याचा दाब पुन्हा भरूनच परतीचा प्रवास सुरू करावा, आणि त्यापूर्वी भिंती व खाचा एकदा नीट पाहून घ्याव्यात.

अधिक मऊ, ट्रॅकसाठीच्या टायरची वेळ कधी आली, हे वहीतील नोंदी सांगतात. थंड दाब योग्य असूनही गरम दाब सत्रामागून सत्र प्रमाणाबाहेर वाढत असेल, नीट तापलेला टायर हलक्या हाताने चालवूनही त्याच त्या वळणांवर सरकत असेल, आणि प्रशिक्षकही तेच निरीक्षण नोंदवत असेल, तर टायर ही खरोखरच अडचण बनलेली असते. तोवर महाग टायरवर खर्च होणारी रक्कम एका चांगल्या मापकावर, प्रशिक्षकाच्या शुल्कावर आणि दुसऱ्या ट्रॅक डेच्या नोंदणीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे; कारण टायरचा इशारा ओळखण्याची सवय सरावानेच लागते, आणि तीच सवय पुढे घाटातल्या ओल्या वळणावरही स्वाराच्या कामी येते.